भंगारात काढण्याआधी एकदा तापवून बघा!

शीर्षक वाचून हा लेख होस्टेलच्या गिझरवर आहे असं ज्यांना वाटलं त्यांची आधीच माफी मागते. गिझरवर लिहायला बसले तर हा अंक पुरायचा नाही! हा लेख आहे आपल्या जुन्या इलेक्ट्रॉनिक्स लॅबमधल्या हिरव्या लोखंडी कपाटावर. खिडकीशेजारचं, ज्याच्यावर सबमिशनच्या दिवसांत आपण सगळे फायली आणि डबे ठेवतो, तेच. त्याच्या आत काय आहे हे तीन वर्षं मला माहीत नव्हतं आणि खरं सांगायचं तर जाणून घ्यायची इच्छाही नव्हती.

दुसरी माफी भाषेची. मी कॉन्व्हेंटची. शाळेत मराठी ही तिसरी भाषा, निबंध पाठ केलेले, आणि मधल्या सुट्टीत मराठी बोललं की आठ आणे दंड. (आठ आणे चालत नव्हते तरी दंड आठ आणेच, म्हणून दोन वेळा बोलून रुपया द्यायचा!) त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाची सगळी जबाबदारी संपादक मंडळावर. ‘इमिशन’ला मराठीत ‘उत्सर्जन’ म्हणतात हे मला मागच्या महिन्यात कळलं.

तर झालं असं. डिपार्टमेंटमध्ये डेड स्टॉक व्हेरिफिकेशन निघालं. इन्स्पेक्शनच्या आधी दरवेळी निघतं. लॅबमधल्या काकांना मोजदादीला माणसं हवी होती आणि माझी जर्नल्स अपुरी होती, त्यामुळे आमचा सौदा जमला. कपाट उघडलं तर आत खोकीच खोकी. प्रत्येकात एक काचेची बाटली, वर चंदेरी डाग, खाली आठ पिना. व्हॉल्व्ह! एक जुना व्हॉल्व्ह अँप्लिफायर, पूर्वी गॅदरिंगला वापरायचे तो. आणि एका लाकडी पेटीत थर्मिऑनिक डायोडचा प्रयोग, मीटरसकट. रजिस्टरमध्ये या सगळ्यापुढे लाल पेनने एकच शब्द लिहिलेला होता: राइट-ऑफ.

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे ते पुढचं पान उलटायला मोकळे. त्या कपाटातला निम्मा माल खुशाल भंगारात द्या. पण तो अँप्लिफायर, तो डायोडचा सेट आणि दोनेक डझन व्हॉल्व्ह ठेवा, आणि टी.ई.च्या प्रत्येक बॅचला ते एकदा तरी तापवून बघू द्या. नॉस्टॅल्जिया म्हणून म्हणत नाहीये. माझ्या आजोबांकडे मर्फीचा रेडिओ होता, बटण दाबल्यावर अर्ध्या मिनिटाने बोलायचा, वगैरे गोष्टी मी ऐकल्यात, पण त्या ऐकून माझ्या डोळ्यात काही पाणी आलं नाही. माझं मत बदललं ते एका लाल झालेल्या प्लेटमुळे.

मोजणी संपल्यावर काका म्हणाले, ‘चालतोय का बघू तरी.’ अँप्लिफायर लावला. आउटपुटला दोन ६एल६ व्हॉल्व्ह, पुश-पुल. हा व्हॉल्व्ह आर.सी.ए.ने १९३६ साली काढला, म्हणजे तो माझ्या आजोबांचा समवयस्क. हीटर नारंगी झाले, स्पीकरमधून थोडी घरघर आली, सगळं छान. पंधराएक मिनिटांनी काकांनी दिवा बंद केला आणि म्हणाले, ‘डावीकडचा बघ.’ डाव्या व्हॉल्व्हची प्लेट मधोमध मंद लाल दिसत होती. काकांनी ताबडतोब स्विच बंद केला.

मी लगेच हुशारी दाखवली. कपलिंग कपॅसिटर लीक असणार! (पुस्तकात हेच लिहिलेलं असतं.) काकांनी काही न बोलता कपॅसिटरचं एक टोक सोडवलं आणि पुन्हा चालू केलं. पंधरा मिनिटांनी तेच. मग दोन्ही व्हॉल्व्हची अदलाबदल केली. आता उजवी प्लेट लाल. म्हणजे दुखणं सॉकेटचं नव्हतं, व्हॉल्व्हचं होतं आणि त्याच्याबरोबर फिरत होतं. शेवटी काकांनी एक हात पाठीमागे धरला (चारशे व्होल्टजवळ काम करायची ही पद्धत आहे, ती त्यांनी आधी माझ्याकडून तीन वेळा म्हणवून घेतली) आणि ग्रिडच्या रेझिस्टरच्या दोन टोकांना मीटर लावून दिला. ‘आता फक्त आकडा बघत बस,’ म्हणाले.

आता, आपल्याला शिकवलेलं काय? व्हॉल्व्हच्या ग्रिडला कॅथोडपेक्षा निगेटिव्ह ठेवतात. निगेटिव्ह ग्रिड इलेक्ट्रॉनला हाकलते, त्यामुळे ग्रिडमधून करंट वाहत नाही. ग्रिड करंट शून्य, म्हणून रेझिस्टरवर ड्रॉपही शून्य. एका मार्काचा प्रश्न, उत्तर ठरलेलं. सुरुवातीला मीटर शून्यच दाखवत होता. मग ०.२ झाले. ०.५ झाले. चहा येईपर्यंत २ व्होल्ट. मी बंद केला तेव्हा ३.८. रेझिस्टर ४७० किलोओहमचा, म्हणजे करंट साधारण ८ मायक्रोअँपिअर. आपला साधा एलईडी १० मिलिअँपिअर घेतो, त्याच्या हजाराव्या हिश्श्यापेक्षाही कमी. इतक्याशा करंटने एवढी मोठी प्लेट लाल?

रात्री होस्टेलवर बसून हिशेब केला. त्या ८ मायक्रोअँपिअरमुळे ग्रिड ३.८ व्होल्टने कमी निगेटिव्ह झाली. ६एल६मध्ये ग्रिड एक व्होल्ट हलली की प्लेटचा करंट साधारण ६ मिलिअँपिअर हलतो. म्हणजे वीसेक मिलिअँपिअर जास्त, गुणिले चारशे व्होल्ट, आठएक वॉट नुसती जादा उष्णता. त्या उष्णतेने ग्रिड आणखी तापते, करंट आणखी वाढतो, प्लेट आणखी तापते... हे चक्र आपलं आपण थांबत नाही. थांबतं ते फ्यूज उडाला की, किंवा व्हॉल्व्ह मेला की.

पण करंट येतोच कुठून? निगेटिव्ह ग्रिडवर इलेक्ट्रॉन येऊ शकत नाहीत हे खरंच आहे. इथे ते येत नव्हते, जात होते. ग्रिड स्वतःच कॅथोडसारखी वागायला लागली होती! तिच्यातून इलेक्ट्रॉन उडून प्लेटकडे निघाले होते आणि त्यांची भरपाई करायला रेझिस्टरमधून खालून इलेक्ट्रॉन वर चढत होते. ग्रिड इमिशन. काका म्हणाले, व्हॉल्व्हमध्ये हवा शिरली असली तरी ग्रिडचा करंट असाच उलटा दिसतो, पण तो बहुतेक वेळा लगेच दिसतो. हळूहळू वाढत गेला तर समजायचं ग्रिड तापतेय. शिवाय आमच्या व्हॉल्व्हचा चंदेरी डाग शाबूत होता. हवा शिरली असती तर तो पांढरा पडला असता.

इथे थोडं मागे जाते, कारण यातली खरी गंमत मटेरियलची आहे.

कुठलाही धातू तापवला की त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. आजीला मी लाह्यांचं उदाहरण दिलं. कढईत लाह्या तडतडतात, काही काठावरून बाहेर पडतात. काठ जितका उंच तितक्या कमी लाह्या बाहेर. हा काठ म्हणजे वर्क फंक्शन. आंच म्हणजे तापमान. फरक एवढाच की काठ थोडासा कमी केला तर लाह्या थोड्याशा वाढत नाहीत, प्रचंड वाढतात, कारण ओवेन रिचर्डसनच्या समीकरणात वर्क फंक्शन घातांकात बसलेलं आहे. (याच कामासाठी त्यांना १९२८ सालचं नोबेल मिळालं.) टंगस्टनचं वर्क फंक्शन साधारण ४.५ इलेक्ट्रॉन व्होल्ट. त्यातून कामाचा करंट काढायचा तर ते अडीच हजार केल्व्हिनपर्यंत तापवावं लागतं, म्हणजे अक्षरशः बल्बच. टंगस्टनमध्ये थोडं थोरियम असलं की तोच आकडा साधारण २.६वर येतो. आणि गंमत अशी की थोरियम टंगस्टनमध्ये घालत होते ते बल्बची तार वाकू नये, लवकर तुटू नये म्हणून. त्यातून इलेक्ट्रॉन भसाभस निघतात हे आयर्व्हिंग लँगम्युअरच्या लक्षात आलं ते पहिल्या महायुद्धाच्या सुमारास, जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत.

त्याच्याही आधी, १९०४ च्या आसपास, जर्मनीत आर्थर वेनेल्टला दिसलं होतं की बेरियम, स्ट्रॉन्शियम, कॅल्शियम यांच्या ऑक्साइडचा लेप दिला की धातू फक्त लालसर तापवूनही भरपूर इलेक्ट्रॉन देतो. आमच्या ६एल६मध्ये हाच लेप आहे. वर्क फंक्शन दीडेक इलेक्ट्रॉन व्होल्ट, तापमान हजारेक केल्व्हिन. हजार केल्व्हिनला ४.५ आणि १.५ यांची तुलना नुसत्या घातांकापुरती कॅल्क्युलेटरवर करून बघा. एकावर पंधरा शून्यं इतका फरक येतो. मी तीनदा करून बघितली, मला वाटलं कंस चुकला.

हा लेप करायची रीत ऐकण्यासारखी आहे. बेरियम ऑक्साइड हवेत टिकत नाही, ओलावा ओढतं. म्हणून कॅथोडच्या निकेलच्या नळीवर आधी कार्बोनेटचा पांढरा लेप देतात. मग व्हॉल्व्हमधली हवा पंपाने ओढत असतानाच नळी तापवतात. कार्बन डायऑक्साइड निघून जातो, ऑक्साइड मागे राहतं. तेवढ्यानेही भागत नाही. निकेलमध्ये मुद्दाम ठेवलेलं थोडंसं मॅग्नेशियम किंवा सिलिकॉन त्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन ओढून घेतं आणि थोडं सुटं बेरियम तयार होतं. कॅथोड ‘चालायला’ लागतो तो या सुट्या बेरियममुळे. म्हणजे शुद्ध निकेल वापरलं तर कॅथोड आळशी. भेसळ हवी, पण मोजून हवी.

आता हेच सुटं बेरियम वर्षानुवर्षं तापत राहिलं की थोडं थोडं उडतं. आणि कॅथोडपासून मिलिमीटरच्याही काही भागाइतक्या अंतरावर कोण उभं आहे? ग्रिड! बेरियम जाऊन बसतं ग्रिडच्या तारेवर. जे बेरियम कॅथोडवर असताना सगळा व्हॉल्व्ह चालवतं, तेच चार केसांच्या अंतरावर जाऊन बसलं की व्हॉल्व्ह जाळतं. बाजूला हजार केल्व्हिनचा कॅथोड, अंगावर बेरियमचा थर... ग्रिड इलेक्ट्रॉन देणार नाही तर काय करणार?

मग ज्यांनी हे व्हॉल्व्ह बनवले त्यांनी काय केलं? दुसऱ्या दिवशी काकांनी मला एक मेलेला व्हॉल्व्ह फोडून दाखवला. (जाड फडक्यात गुंडाळून, हातमोजे घालून. घरी करू नका. काच उडते आणि आतलं बेरियम पोटात जाण्याच्या लायकीचं नाही.) फुटल्या फुटल्या वरचा चंदेरी डाग पांढरा पडायला लागला. तोही बेरियमचाच, उरलेसुरले वायू शोषायला मुद्दाम ठेवलेला. म्हणजे एकाच बाटलीत बेरियमची तीन पात्रं: कॅथोडवर नायक, काचेवर झाडूवाला, ग्रिडवर खलनायक! ग्रिड हातात घेतली. केसासारखी तार दोन उभ्या काड्यांवर गुंडाळलेली, प्रत्येक वेढ्यासाठी काडीला खाच. काड्या तांबूस, कारण तांबं उष्णता लवकर वाहून नेतं. वरच्या टोकाला दोन काळे पंख, उष्णता बाहेर फेकायला. मी समजत होते की ते पंख आधारासाठी असतात. आमच्या पुस्तकात ग्रिड म्हणजे एक तुटक रेघ आहे. तुटक रेघेला पंख नसतात.

पुढे वाचत गेले तर कळलं की नुसत्या ग्रिडच्या तारेवर लोकांनी आयुष्यं घालवली आहेत. मॉलिब्डेनम घेतलं, कारण ते गरम असताना ढिलं पडत नाही. त्यावर सोन्याचा मुलामा दिला. सोनं शोभेला नाही. बेरियम त्यात जिरतं आणि पृष्ठभागावरचा काठ खाली येत नाही. रेडिओ ट्रान्समीटरच्या मोठ्या व्हॉल्व्हमध्ये मॉलिब्डेनमवर प्लॅटिनम चढवलं. अजून मोठ्या व्हॉल्व्हसाठी पायरोलिटिक ग्रॅफाइटच्या जाळ्या कापल्या. कॅथोडवाल्यांचं सगळं डोकं इलेक्ट्रॉन कसे सुटतील यात, तर ग्रिडवाल्यांचं कसे सुटणार नाहीत यात. आणि दोघांना काम करायचं त्याच उष्णतेत, त्याच बाटलीत. (इलेक्ट्रॉन आपटल्यावर धातूतून दुसरे इलेक्ट्रॉन उडतात, ती सेकंडरी इमिशनची भानगड वेगळीच. स्क्रीन ग्रिडवाल्या टेट्रोडला ती एवढी छळायची की १९२६ साली फिलिप्सच्या टेलेगेनने मध्ये आणखी एक ग्रिड घालून पेंटोड केला. त्यात शिरत नाही, नाहीतर संपादक कात्री घेऊन येतील.)

इथे आमच्या अँप्लिफायरची कथा पूर्ण करते, कारण खरा चोर अजून सांगितलाच नाही. काकांनी जुनं डेटाबुक काढलं. ६एल६ला फिक्स्ड बायस असेल तर ग्रिडचा रेझिस्टर जास्तीत जास्त १०० किलोओहम. कॅथोड बायस असेल तर ५०० पर्यंत चालतो, कारण करंट वाढला की कॅथोडचा रेझिस्टर थोडं सावरून घेतो. आमच्या अँप्लिफायरला फिक्स्ड बायस आणि रेझिस्टर ४७०चा. कोणीतरी कधीतरी दुरुस्तीत बदललेला. ‘ग्रिड करंट शून्य’ असं पक्कं शिकलेल्या कोणीतरी, असा माझा अंदाज! शून्य करंटला १०० काय नि ४७० काय, सारखंच. आम्ही १०० किलोओहमचा लावला. तोच म्हातारा व्हॉल्व्ह, ग्रिडमधून तेवढाच करंट गेला तरी ड्रॉप एका व्होल्टच्या आत. तासभर चालवला, प्लेट काळी ती काळीच राहिली.

डेटाबुकातली ती एक ओळ, ‘ग्रिड सर्किट रेझिस्टन्स, मॅक्सिमम’. अशा ओळी आपण सगळेच सोडून देतो. मी तरी देत होते. त्या ओळीच्या मागे बेरियम आहे, तांब्याच्या काड्या आहेत, सोनं आहे, हे मला कुठल्याही स्लाइडवर दिसलं नव्हतं.

आता समोरच्या बाजूचं. माझ्या रूममेटने (कॉम्प्युटर ब्रँच, अर्थातच) सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘कॅम्पसला विचारतात का हे?’ नाही विचारत. हे मान्य. ‘डेड टेक्नॉलॉजी’ हा शब्द स्टाफकडूनही ऐकला. तो मात्र मान्य नाही. कॉमन रूममधल्या ज्या मायक्रोवेव्हमध्ये आपण रात्री साडेअकराला मॅगी करतो त्यात मॅग्नेट्रॉन आहे, आणि त्याचा कॅथोड म्हणजे तेच थोरियमवालं टंगस्टन. एक्स-रे मशीनमध्ये तापलेली टंगस्टनची तारच आहे. १९७७ साली निघालेल्या व्हॉयेजर यानांचे एक्स-बँडचे सिग्नल चाळीस वर्षांहून जास्त काळ ट्रॅव्हलिंग वेव्ह ट्यूबनेच पाठवले. पिलानीच्या सीरीमध्ये अशा ट्यूबवर संशोधन चालतं, बंगलोरला भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून व्हॉल्व्ह बनवले. आणि अटलांटिक महासागराच्या तळाशी १९५६ साली जी पहिली टेलिफोन केबल टाकली तिच्यात तीनशेहून जास्त व्हॉल्व्ह होते. १९७८ साली केबल निवृत्त झाली तोपर्यंत त्यातला एकही गेला नाही. बावीस वर्षं, समुद्राच्या तळाशी, दुरुस्तीला जायची सोय नाही. आपल्याकडे होस्टेलच्या ट्यूबलाइटचा चोक एक सेमिस्टर टिकत नाही!

पण समजा, हे सगळं नसतं आणि व्हॉल्व्ह खरोखरच मेला असता, तरी मी हेच म्हटलं असतं. कारण आपण ग्रिडची जागा गेटला दिली आणि वाक्य तेच ठेवलं: मॉसफेटचा गेट करंट शून्य. पुन्हा एका मार्काचा प्रश्न. मग गेटखालचं ऑक्साइड पातळ करत करत १.२ नॅनोमीटरवर आणलं, म्हणजे जेमतेम काही अणूंचा थर, आणि इलेक्ट्रॉन त्यातून सरळ टनेल करून जायला लागले. इंटेलने २००७ साली ४५ नॅनोमीटरच्या चिपमध्ये सिलिकॉन ऑक्साइड सोडून हाफ्नियमवर आधारलेलं मटेरियल घेतलं ते याचसाठी. फिजिक्स वेगळं, पण ‘शून्य’ मोडलं ते असंच मोडलं, आणि सावरलं तेही मटेरियल बदलूनच. फरक एवढाच की ४५ नॅनोमीटरचा गेट फडक्यात गुंडाळून फोडून बघता येत नाही. ग्रिड बघता येते.

आणखी एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. १९४० च्या दशकाच्या अखेरीस एम.आय.टी.मध्ये व्हर्लविंड नावाचा व्हॉल्व्हचा कॉम्प्युटर बांधत होते. त्यांच्या लक्षात आलं की जे व्हॉल्व्ह नुसते गरम राहून तासन् तास बंद अवस्थेत बसतात, तेच लवकर मरतात. काम करणारे बरे, रिकामे बसलेले आजारी! कारण निघालं कॅथोडच्या निकेलमधलं सिलिकॉन. तेच, जे सुटं बेरियम मिळावं म्हणून ठेवलेलं. निकेल आणि लेप यांच्यामध्ये त्याचा एक थर साठायचा आणि तो करंटला अडवायचा. त्यांनी कॅथोडच्या निकेलमधून सिलिकॉन काढायला लावलं आणि व्हॉल्व्हचं आयुष्य कुठल्या कुठे गेलं. रेडिओसाठी जे मटेरियल चांगलं ते कॉम्प्युटरसाठी वाईट. हे वाचताना मला आमच्या बॅचचे पी.एल.मधले दिवस आठवले, पण तो विषय राहू दे.

स्टाफच्या दोन हरकती मात्र खऱ्या आहेत, त्यांना उत्तर द्यायला हवं. एक, चारशे व्होल्ट. पोरांच्या हातात चारशे व्होल्ट द्यायचे का? माझं म्हणणं, अँप्लिफायर लॅबमधल्या माणसाने चालवावा, आम्ही लांबून मीटर वाचावा. डायोडच्या सेटला एवढं व्होल्टेज लागतच नाही, तो बॅचने स्वतः करावा: फिलामेंटचं तापमान बदलायचं, करंट मोजायचा, ग्राफची सरळ रेघ काढून स्लोपवरून टंगस्टनचं वर्क फंक्शन शोधायचं. मी केलं. माझं ४.९ आलं. साडेचार यायला हवं होतं. तापमानाचा अंदाज चुकला असणार, अजून शोधतेय. दुसरी हरकत जागेची. कपाटाच्या जागी नव्या किट्सचं टेबल येणार आहे. नवी किट्स मलाही हवी आहेत. पण मला जे ठेवायचंय ते एका टेबलाखालच्या खोक्यात मावतं, मी मोजून बघितलंय.

आणि तिसरी हरकत, जी कोणी मोठ्याने बोलत नाही. पुढच्या वर्षी काका रिटायर होतात. त्यांच्यानंतर हे चालवणार कोण? ४७०चा रेझिस्टर चूक आहे हे डेटाबुकात लिहिलंय, पण डेटाबुक उघडायचं कधी हे त्यांच्या डोक्यात आहे. म्हणून मी आणि टी.ई.चे आणखी तिघं दर बुधवारी त्यांच्याकडे बसून एकेक गोष्ट लिहून घेतोय. मराठीत, कारण काका मराठीत सांगतात. माझं शुद्धलेखन ते तपासतात. परवा मी ‘उत्सर्जन’ लिहिलं तर ते म्हणाले, ‘पोरी, इमिशनच लिही. पुढच्याला कळलं पाहिजे.’

भंगारवाला सेमिस्टर संपल्यावर येणार आहे. एच.ओ.डी. सरांना आम्ही अर्ज दिलाय, ठेवायच्या वस्तूंच्या यादीसकट. सर म्हणाले, ‘बघू.’ सरांचं ‘बघू’ म्हणजे नाही नसतं, हे तीन वर्षांत शिकलेय. सरांनी आणि बाकीच्या स्टाफने एकदा बुधवारी संध्याकाळी पाचनंतर लॅबमध्ये यावं ही विनंती. होस्टेलवाल्यांनीही या, चहा काकांकडून. ४७०चा रेझिस्टर आम्ही जपून ठेवलाय. तो पुन्हा लावून, मीटर जोडून, शून्यापासून आकडा कसा चढतो ते दाखवू. फ्यूज आणताना मात्र दोन जास्तीचे आणा, आमच्याकडे एकच उरलाय.

– टी.ई., ई अँड टीसी, लेडीज होस्टेल